कॉलेजच्या पोरांच्या वहीमुळे रेशन कापलं जात नाही

‘कॉलेजची पोरं घरोघरी यादी करून राहिली, माहिती दिली की रेशन कापतात, जमीन मोजणीला लावतात,’ असा मेसेज यवतमाळकडच्या गावांतल्या ग्रुपांवर फिरतो आहे. तो खोटा आहे.

ही पोरं त्यांचा अभ्यास करतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने समाजासोबतच्या कामाला श्रेयांक (पदवीसाठी मोजली जाणारी क्रेडिट) दिले. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, आराखड्यात हा २ श्रेयांकांचा विषय आहे, १ वर्गातला आणि १ प्रत्यक्ष गावातला. रेशन कार्डाचं तहसीलचं पुरवठा खातं पाहतं, मोजणी भूमी अभिलेख करतं. विद्यार्थ्यांच्या वह्या तिकडे जात नाहीत, त्या कॉलेजात तपासल्या जातात.

वहीत असतं काय? आमचे विद्यार्थी देवळापुढे रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात. हापशीच्या जागी खडा ठेवतात. मग बायाच पुढे येतात, ‘इथली मार्चातच आटते’ म्हणत तो खडा उचलून बाजूला करतात. कोणत्या पुस्तकातून हे कळणार होतं? आणि त्यासाठी कोणाचा सातबारा लागत नाही.

गावाची एक तक्रार मात्र रास्त आहे: लिहून नेलेलं परत येत नाही. अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवलाच पाहिजे, तो गावाचा हक्क आहे आणि आम्हा शिक्षकांचं काम.

आधार नंबर, पासबुक किंवा ओटीपी कोणी मागितला तर देऊ नका. ओळखपत्र पाहा, कॉलेजात फोन लावा.