सोबत कोण आहे?

आज चैत्र पौर्णिमा, आणि आमच्या शेजारच्या मावशी घरात बसून आहेत. रात्री भरून ठेवलेली पिशवी सकाळी परत खुंटीवर गेली. लेकाचा एकच प्रश्न, "सोबत कोण आहे?" कोणी नव्हतं. संपली जोतिबाची यात्रा. वय ६२, गुडघे ठणठणीत, पण बाई एकटी.

सोबत, सोबत काय लावलंय? कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, जोतिबाच्या देवळात, लाखोंची गर्दी. आठजणांचा घोळका वर पोचेपर्यंत तीन ठिकाणी फुटतो, फोन लागत नाही, आणि निम्मा दिवस "तू कुठंयस" करण्यात जातो. एकट्या माणसाला कुणाला शोधायचंच नसतं. लेकानं विचारायचं होतं ते हे: परत कशानं येणार? पाणी किती घेतलंय? चपला कुठं ठेवणार?

परतीचं आधी बघायचं. चढताना गाड्या ढीगभर, उतरताना सगळे एकदम निघतात. संध्याकाळी पालखी यमाईच्या देवळाकडे जाऊन आली की वडापवाला, म्हणजे शेअर जीपवाला, तोंडाला येईल ते भाडं सांगतो. म्हणून एकट्यानं पहाटे पोचावं आणि दुपारच्या आत उतरावं, नाहीतर पालखी निघताना बघून लगेच वाटेला लागावं. गाडीतून उतरल्या उतरल्या शेवटची एसटी किती वाजता आणि कुठून, हे विचारून घ्यायचं, कारण यात्रेत थांबे हलवतात. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट निम्मं आहे. सरकारनं तिकीट अर्धं केलं, घरच्यांनी गाडीच बंद केली!

दहा-वीसच्या नोटा दोन ठिकाणी ठेवायच्या. मोबाईलवरून पैसे पाठवणं तिथं ऐनवेळी अडकतं. घरचे दोन नंबर कागदावर लिहून कमरेला.

पाण्याची एक लिटरची बाटली पुरते, रिकामी झाली की भरून घ्यायची. नुसतं पाणी ढोसूनही चक्कर येते, कारण घामातून मीठ गेलेलं असतं. ओआरएसचं छोटं पाकीट २०० मिलीला, मोठं एक लिटरला. लोक मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवतात, मग मळमळतं आणि नाव उन्हाचं. बायका तर मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण जायची धड सोय नसते. त्याचा संताप वेगळा, त्यावर आणखी एक पोस्ट होईल.

चपला बाहेर सोडल्या की विसरा. कापडी पिशवीत घालून खांद्याला लावायच्या. ऊन चढलं की फरशी पोळते, म्हणूनही पहाटच बरी.

गुलालाचं काय ते पण ऐका. निघताना तोंडाला, मानेला, हातांना खोबरेल. डोळ्यांत लेन्स नको, चष्मा लावा. दम्याच्या माणसानं नाकाला ओला रुमाल बांधावा. घरी आल्यावर आधी कोरडाच झटकायचा. आधी पाणी लागलं की दोन दिवस गुलाबी फिरा.

सासनकाठी, म्हणजे गावोगावची मानाची उंच काठी, नाचते तेव्हा झुकते. तिचे दोर, म्हणजे तोरण्या, धरणारे मागं सरतात आणि बघे त्यांच्या पाठीमागं चेपले जातात. दोरांच्या बाहेर, भिंतीपाशी, चढाच्या अंगाला उभं राहायचं. दरवाज्याच्या तोंडाशी कधीच नाही. रेटा आलाच तर हात छातीसमोर, उलटं ढकलायचं नाही, तिरकं तिरकं कडेला सरकायचं. पडलेल्या वस्तूसाठी वाकायचं नाही, मोबाईल असला तरी. २००५ साली मांढरदेवीच्या यात्रेत पायऱ्या नारळाच्या पाण्यानं निसरड्या झाल्या होत्या, आणि चेंगराचेंगरी झाली. तिथं मेलेली माणसं काय एकटी आली होती? घरादारासकट आली होती. सोबत होती की!

गर्दीत अंगचटीला येणारे असतात, मान्य. साखर, रक्तदाब असलेल्यानं गोळ्यांची चिठ्ठी जवळ ठेवावी, तेही मान्य. पुढे?

मावशींना तासन्‌तास रांगेत उभं राहायचंच नव्हतं हो. कळस बघून हात जोडायचे, खोबऱ्याचे तुकडे आणि मूठभर गुलाल उधळायचा, यमाईच्या वाटेवर सावली बघून बसायचं आणि पिपाणी ऐकायची. घोळक्यात हे होत नाही. एकाला भूक लागते, दुसऱ्याला फोटो हवा असतो, पोरं खेळण्यांपाशी अडतात. मावशींना चांगभलं म्हणायला कुणाची सोबत लागत नाही, आजूबाजूला अख्खा डोंगर म्हणत असतो.

दुपारी डोकावले तेव्हा पिशवी तशीच खुंटीवर होती, उपसलेलीसुद्धा नाही. आता पाकाळणीचा, म्हणजे यात्रेनंतर देऊळ धुण्याचा, रविवार येईल, गर्दी आजच्यापेक्षा कमी. पहिल्या एसटीची वेळ विचारून ठेवलीय, ओआरएसची दोन छोटी पाकिटं पिशवीत टाकलीत. चपलांची पिशवी मात्र खालून उसवलीय, ती तेवढी शिवायला हवी.