चौथी सीट

डोंबिवलीत माणसाची पत पगारावरून ठरत नाही. घरापासून स्टेशन किती लांब आणि इमारतीला लिफ्ट आहे की नाही, या दोन गोष्टींवरून ती ठरते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच घराला सहसा लाभत नाहीत. रामनगर-टिळकनगरातल्या जुन्या इमारतींतली मंडळी, ज्यांची आधीची पिढी गिरगाव-दादरच्या चाळींतून इथे आली, गुडघे धरून जिने चढतात. पण दिवाळीच्या पहाटे सारे शहर नटूनथटून जिथे जमते त्या फडके रोडवर पायी पोहोचता येते, एवढ्या भांडवलावर ती उरलेल्या शहराकडे किंचित दयेने पाहतात. रुळांपलीकडची पश्चिम त्यांना परप्रांतच वाटते.

मी लिफ्ट निवडली. त्यामुळे कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या टॉवरकडे जाण्यासाठी रोज संध्याकाळी मला पूर्वेच्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहावे लागते. मागे तीन माणसे बसली की नियमाप्रमाणे रिक्षा भरते. प्रत्यक्षात ती चालकाशेजारी चौथा प्रवासी अर्ध्या बैठकीवर टेकल्याशिवाय हलत नाही. लोकलमध्ये फर्स्ट क्लासच्या पासाने जो काही मान राखलेला असतो, तो इथे मीटरभर रुंदीच्या सीटवर पार चेपला जातो. एका बाजूला पोळी-भाजी केंद्रातून घेतलेल्या गरम पोळ्यांची पिशवी मांडीवर धरलेल्या बँकेतल्या बाई, दुसऱ्या बाजूला पाळी संपवून निघालेला कारखान्यातला मुलगा, आणि एमआयडीसीचा, म्हणजे रासायनिक कारखान्यांचा, पट्टा आला की जातपात, पगार, पास सारे विसरून तिघांचेही रुमाल एकदम नाकाला. याच भागातला रस्ता २०२० साली रसायनांनी गुलाबी झाला होता, तेव्हा वासाबद्दल तक्रार करणे कोते मनाचे वाटते.

चौथ्या सीटवर बहुधा सोनारपाड्याच्या बाजूचे एक आगरी काका असतात. त्यांच्या तीन मजली बंगल्यावर एकविरा आईचे नाव आहे आणि दारात भलीमोठी गाडी. पण स्टेशनजवळ ती लावायला जागा नसल्याने मालक लोंबकळत घरी येतात. त्यांच्या गावासह आसपासची सत्तावीस गावे १९८३ मध्ये कल्याणच्या महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली, हा इतिहास काका असा सांगतात की, जणू सासर-माहेर करणाऱ्या लेकीची कहाणी चालली आहे. नळाला पाणी मात्र दोन्ही घरी बेताचेच, ही पुस्ती तेच जोडतात.

आमच्या संकुलाला कमान आहे, कारंजे आहे, जलतरण तलाव आहे. शेअर रिक्षाला मात्र आत प्रवेश नाही. एकदा मी फाटकापाशी उतरत असताना काकांनी आपुलकीने विचारले, "ताई, तुमची कुठली विंग?" मी जरा ताठ होऊन "बी" म्हणाले. त्यांनी टॉवरकडे मान वर करून पाहिले आणि म्हणाले, "तिथं लय पानी साचायचं. आमी तो तुकडा कधी लावलाच नाय."