इंग्रजी लिहायची तर जुनीच लिहा

हल्ली जो तो इंग्रजी सोपी करायला निघालाय. वाक्यं छोटी ठेवा, म्हणायचंय ते सरळ म्हणा, वगैरे. तुम्ही या नादाला लागू नका. सोपं पत्र समोरच्याला कळतं, आणि कळलं की तो उलट प्रश्न विचारतो. पत्राला वजन हवं असेल तर इंग्रजांनी माळ्यावर टाकलेली इंग्रजी वापरा. चांगल्या अवस्थेतला तिचा साठा आता आपल्याच कचेऱ्यांत आणि सोसायट्यांच्या फायलींत शिल्लक आहे.

समजा, गच्चीतून तुमच्या बेडरूममध्ये पाणी झिरपतंय. सोसायटीच्या सेक्रेटरींना 'छत गळतंय, दुरुस्त करा' असं लिहिणं अगदीच पोरकट. सुरुवात 'विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टू स्टेट' अशी करा. मेंटेनन्स तुम्ही भरता, पाणी तुमच्याच गादीवर पडतंय, तरी बोलण्याची परवानगी आधी पदर पसरून मागायची. नुसतं 'आय स्टेट' म्हणणारा माणूस उद्धट समजला जातो, आणि उद्धटांची छतं शेवटी होतात.

गळती कधीपासून आहे, हे लिहितानाही महिन्याचं नाव घेऊ नका. जुन्या व्यापारी पत्रांत चालू महिन्याला 'इन्स्टंट', गेल्याला 'अल्टिमो' आणि येणाऱ्याला 'प्रॉक्सिमो' म्हणत. 'माझं 12 अल्टिमोचं पत्र' असा उल्लेख केलात की सेक्रेटरी शब्दकोश शोधायला उठतील. तो सापडेपर्यंत महिना उलटतो, आणि मग तुमचं पत्र कुठल्या 12 तारखेचं हे ठरवायला एक बैठक लागते. बैठकीला चहा असतो.

नंतर 'काइंडली डू द नीडफुल'. ही ओळ विसरलात तर अर्ज अर्जच नाही. विलायतेत ती एके काळी सर्रास चालायची, पुढे जुनाट ठरून मागे पडली. आपण मात्र जिवापाड जपली. नीडफुल म्हणजे जे काही गरजेचं असेल ते. काय ते तुम्ही सांगत नाही, त्यांनी विचारायचं नाही. पत्र फायलीला लावलं की नीडफुल झालं. मराठीत 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर' लिहिणाऱ्यांना याची गोडी वेगळी सांगायला नको.

शेवटी सही. इथे कंजुषी नको: 'युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'. अत्यंत आज्ञाधारक सेवक म्हणवून घ्यायला कमीपणा वाटत असेल तर आधीचे सेवक आठवा. इंग्रजी शब्दकोशाचं काम चालू असताना लॉर्ड चेस्टरफील्ड या बड्या उमरावाने कोशकार सॅम्युअल जॉन्सनकडे ढुंकून पाहिलं नाही आणि कोश छापून व्हायच्या सुमारास त्याचं कौतुक छापून आणलं. 1755 च्या फेब्रुवारीत जॉन्सननी त्यांना पत्र लिहून, आवाज न चढवता, पार सालटी काढली. खाली सही अत्यंत नम्र, अत्यंत आज्ञाधारक सेवकाची. 1804 मध्ये अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर आणि माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्यात आठवडाभर कडवट पत्रापत्री चालली. दोघंही तळाला इमानेइतबारे आज्ञाधारक सेवक म्हणून सही करत होते. 11 जुलैला एका सेवकाने दुसऱ्याला द्वंद्वयुद्धात गोळी घातली. हॅमिल्टन दुसऱ्या दिवशी गेला. तेव्हा ही सही बिनधास्त करा. तिने कुणाचे हात बांधले जात नाहीत.

प्रकरण कोर्टात गेलंच तर आनंदीआनंद. इंग्लंडने 1999 मध्ये दिवाणी कामकाजाचे नियम बदलून 'प्लेन्टिफ'ला, म्हणजे दावा लावणाऱ्या वादीला, 'क्लेमंट' करून टाकलं, का तर पक्षकाराला कळावं! पक्षकाराला कळलं तर वकिलाने खायचं काय? आपल्याकडे प्लेन्टिफ सुखरूप आहे. वकिलांच्या बार कौन्सिलने 2006 मध्ये 'माय लॉर्ड' ही गुलामगिरीच्या काळाची खूण आहे, 'युअर ऑनर' म्हणा, असं सुचवलं. तरी हायकोर्टात कान देऊन ऐका, लॉर्ड जागच्या जागी आहेत.

ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांनी निदान गाडीपुरतं तरी हे व्रत पाळावं. 'स्पेअर व्हील' नका म्हणू, 'स्टेपनी' म्हणा. मोटारींना जादा चाक नसायचं त्या काळात वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर पंक्चर चाकाला वरून जोडायचं चाक निघालं, आणि रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं. आज लंडनमध्ये कुणाला स्टेपनी मागितलीत तर तो तुम्हाला शहराच्या पूर्वेकडच्या एका वस्तीचा रस्ता दाखवेल. आपल्याकडे घाटात मध्यरात्री विचारा, ट्रकवाला नेमकं चाकच काढून देईल. 'डिकी'चंही तेच. ती मूळची जुन्या मोटारीच्या मागची, उघड्यावरची बसायची जागा. आता माणसं आत आली आणि तिथे बॅगा आणि फरसाणाची पिशवी.

आता थोडं वरच्या इयत्तेचं. मानपत्र लिहायचं असेल तर 'यू' हा शब्द फारच बाजारी. 'दाऊ' आणि 'दी' वापरा. कानाला थेट देवळातल्यासारखं वाटतं. खरं तर 'दाऊ' म्हणजे आपलं 'तू', आणि 'यू' म्हणजे 'तुम्ही'. 1603 मध्ये वॉल्टर रॅले या इंग्रज दर्यावर्दी सरदारावर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक चिडून भर कोर्टात एकेरीवर आला आणि 'मी तुला दाऊ म्हणतो, देशद्रोह्या' असं बजावून आला. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक तर तत्त्व म्हणून मोठ्या साहेबांनाही एकेरीत बोलत आणि त्यापायी शिव्या नि मार खात. पुढे इंग्रजांनी 'तू'च मोडीत काढला. आता ते कुत्र्यालासुद्धा 'तुम्ही' म्हणतात.

आपण मात्र मंत्रिमहोदयांच्या मानपत्रात ओळीओळीला 'दाऊ' घालायचं. व्यासपीठावरून खणखणीत आवाजात वाचायचं. हजार माणसांसमोर, शाल-श्रीफळ देऊन, अरेतुरे. महोदय हात जोडून ऐकून घेतील, टाळ्याही पडतील. फक्त त्यांच्या पीएने क्वेकरांविषयी काही वाचलेलं नाही ना, एवढं आधी बघून ठेवा.