देवानं सांगितलेल्या कविता आणि रुळावरची तंद्री

नुकताच ट्रॅकवर रुजू झालेल्या भाच्यानं हा फॉरवर्ड कौतुकानं पाठवला, म्हणून लिहितोय. मेसेज असा: स्कॉटलंडचा अलेक्झांडर अँडरसन हा निरक्षर रेल्वेमजूर. रुळावर काम करताना त्याची तंद्री लागे, देव ओळी सांगे, गाडी आली तरी भान नसे, पण केसाला धक्का लागला नाही. त्याच्या प्रार्थना वाचून विद्यापीठानं त्याला एका रात्रीत ग्रंथपाल केलं.

निरक्षर? १९११ चा ब्रिटानिका ज्ञानकोश उघडा. जन्म १८४५, कर्ककॉनेल, बाप दगडखाणीत कामगार. पोरगा गावच्या शाळेत शिकला. १८६२ मध्ये ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न रेल्वेवर लागला आणि फावल्या वेळात फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश इतकं शिकला की त्या भाषांतले मोठे ग्रंथ वाचायला लागला. ही मेहनत देवाच्या खात्यावर का टाकायची?

आता तंद्री. हे वाचून डोकं फिरलं. त्या काळी तिकडे रूळ ओतीव लोखंडी चेअरमध्ये, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या बैठकीत, बसवत आणि फटीत लाकडी पाचर ठोकत. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, पाचर सैल होते, गाडीच्या हादऱ्यानं सरकून पडते. म्हणून नेमून दिलेला पट्टा चालत एकेक पाचर बघायची, सैल दिसली की हातोडा. स्लीपर, म्हणजे रुळाखालचा आडवा ओंडका, खचला की खडी उकरायची, पहारीनं उचलायचं आणि रुळाच्या बरोबर खाली दोन्ही बाजूंनी खडी ठोकून भरायची. मधला भाग सैलच ठेवायचा. तिथे घट्ट भरलं की स्लीपर पोटावर टेकतो, टोकं डुलतात आणि केलेलं काम आठवड्यात वाया जातं. यात तंद्री लावून दाखवा.

आणि गाडी. वारा उलटा असला की इंजिन जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही. दुहेरी मार्गावर एका गाडीला वाट द्यायला माणूस शेजारच्या रुळावर पाय ठेवतो आणि त्याच रुळावर मागून दुसरी येते. ट्रॅकवरची माणसं अशी जातात, तेव्हाही आणि आजही. अठरा वर्षं लाइनवर काढून धड बाहेर पडलेला माणूस बेभान नव्हता. नव्या पोरांना हे असलं पाठवू नका.

धार्मिक कवी? बरं, १८७५ च्या संग्रहाच्या नावात दोन देवदूत आहेत, तेवढं मान्य. पण १८७३ चं पहिलं पुस्तक श्रमाचं गाणं, १८७८ चं रुळांची गाणी. सगळ्यात गाजलेली कविता ‘कडल डून’, आणि ती प्रार्थना नाही. पोरं झोपत नाहीत, एकाला भाकरीचा तुकडा हवा, आई वैतागून बाप येतोय म्हणून दटावते, अशी ती आहे.

एका रात्रीत? १८७० पासून डंडीच्या ‘पीपल्स फ्रेंड’ नियतकालिकात कविता जात होत्या, चार पुस्तकं झाली, मग १८८० मध्ये एडिंबरा विद्यापीठात सहायक ग्रंथपाल. मधे दुसऱ्या एका संस्थेचा सचिव, आणि मग परत विद्यापीठाच्याच ग्रंथालयात. १९०९ मध्ये गेला. ग्रंथालयात आल्यावर त्यानं फारसं लिहिलंच नाही, हे मात्र मेसेजवाल्यानं सोयीस्कर गाळलं.