सावली सरकते, बाई दिसत नाही
आजच्या कलेतल्या पुराणकथांवरचा एक लेख नुकताच वाचला. पुराणकथा आजच्या कलेत फक्त सजावटीपुरत्या येतात, हे त्यातलं विधान मला अजिबात पटलं नाही. चित्रकार नलिनी मालानींचंच काम बघा. २०१२ साली जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या प्रदर्शनात त्यांनी मायलार या पारदर्शक प्लास्टिकचे पाच सिलिंडर टांगले होते, उलट्या बाजूने रंगवलेले, संथ फिरणारे. त्यांच्यातून प्रकाश जातो आणि भिंतीवरच्या व्हिडिओवर सावल्या सरकत राहतात. त्यात येते ग्रीक कथेतली कॅसांड्रा. तिचं भविष्य खरं ठरतं, पण कुणीच विश्वास ठेवायचा नाही असा तिला शाप. मालानींना, म्हणजे फाळणीत कराची सोडून आलेल्या घरातल्या मुलीला, ही कॅसांड्रा जवळची वाटली असेल, असं मला फार वाटतं.

आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना सावलीची ताकद वेगळी सांगायला नको. तिथे गोष्ट सांगायला माणूस असतो. मालानींच्या कामात तो नाही. एक सावली दुसरीवर चढते, क्षणभर चेहरा बनतो, लगेच विरतो, आणि गोष्ट बघणाऱ्यालाच जुळवावी लागते. पुढच्या फेरीत जुळणी पुन्हा बदललेली. त्या लेखाच्या लेखकांनी या कामावर दोन ओळी तरी लिहायला हव्या होत्या.