नोंदींतील नावात तफावत

उच्च शिक्षण महाग झाले आहे असे ज्यांचे ठाम मत आहे, त्यांनी दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या देणाऱ्या एखाद्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका बहुधा उघडून पाहिलेली नसते. मी ती उघडली आणि शेवटच्या पानापर्यंत वाचली. बी.ए.ची वर्षाची फी आमच्या घरी वर्षभरात लागणाऱ्या गॅस सिलिंडरांच्या खर्चाहून कमी होती. वयाची अट नव्हती, हजेरीची सक्ती नव्हती आणि तीन वर्षांची पदवी सहा वर्षांत पूर्ण करण्याची मुभा होती. म्हणजे धाकट्याची बारावी, थोरलीचे लग्न आणि सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन हे सगळे हिशेबात धरूनही पदवी हाताशी येण्यासारखी होती. बारावी होताच उजवून टाकलेल्या माझ्यासारख्या बायकांसाठीच कोणीतरी ही पुस्तिका जातीने बसून लिहिली असावी, असे मला वाटले. प्रवेश सर्वांना खुला आहे, असे विद्यापीठाने त्यात स्वच्छ म्हटले होते. फक्त ते पोर्टलला कोणी कळवलेले नव्हते.

मूळ कल्पनेबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. ब्रिटनमध्ये 1969 साली ओपन युनिव्हर्सिटी स्थापन झाली आणि नोकरी-संसारात अडकलेल्या माणसांसाठी तिचे पाठ बीबीसीवरून भल्या पहाटे नाही तर रात्री उशिरा दाखवले जाऊ लागले. आपल्याकडे 1982 मध्ये हैदराबादला पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, 1985 मध्ये दिल्लीला इंदिरा गांधींच्या नावाचे आणि 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीदवाक्य खेड्यापाड्यांतल्या कितीतरी माणसांनी, दिवसभराची नोकरी करून रात्री पुस्तके उघडत, खरे करून दाखवले आहे. पूर्वी ही गंगा पोस्टाच्या पार्सलातून येत असे, आता ती मोबाइलमधून येते. आमच्या घरात मोबाइलला रेंज मिळते ती केवळ गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या डाव्या अंगाला; त्यामुळे गंगा घरी आली तरी जिना मलाच चढावा लागतो.

मी प्रवेश घेणार हे कळल्यावर नातेवाइकांनी 'विषय कोणता?' असे विचारले नाही. 'ही डिग्री चालते का?' असे विचारले. ती नेमकी कुठे चालायला हवी आहे, हे मात्र कोणी सांगेना. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच मानली जाईल, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये जाहीर केले आहे. ती सूचना मी मोबाइलमध्ये उतरवून घेतली आणि येईल त्या पाहुण्याला चहाबरोबर दाखवू लागले. धाकट्या नणंदेच्या यजमानांनी ती चष्मा लावून, तारखेसकट वाचली, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "ते सगळं बरोबर आहे वहिनी, पण चालते का?"

खरी अडचण निघाली ती नावाची. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांवर मी आडनाव आधी, मग सुमन आणि मग वडिलांचे नाव अशा क्रमाने उभी आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि मी शुभांगी झाले. ज्यांनी ते नाव निवडले त्यांनी पत्रिका पाहिली, आद्याक्षर पाहिले, घराण्यात त्या नावाची दुसरी कोणी नाही हेही पाहिले. पोर्टल तेव्हा अस्तित्वात नव्हते. आधार कार्डावर मी शुभांगी, पुढे यांचे नाव, पुढे सासरचे आडनाव अशी आहे. पॅन कार्डावर मधल्या नावाचे नुसते आद्याक्षर उरले आहे आणि बँकेच्या पासबुकात शुभांगीतला इंग्रजी 'एच' गळून पडला आहे. इतकी वर्षे या सगळ्या बायका आमच्या घरात गुण्यागोविंदाने नांदत होत्या.

प्रवेशाची रीत आता अशी आहे की, आधी डिजिलॉकर उघडावे, त्यातून विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा बारा अंकी क्रमांक काढावा, तो देऊन अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा 'डेब आयडी' मिळवावा आणि मग कुठे विद्यापीठाच्या अर्जाला हात घालावा. यांतल्या सुरुवातीच्या सर्व पायऱ्या आधारवरच्या शुभांगीला ओळखतात आणि शेवटची पायरी गुणपत्रिकेवरच्या सुमनला. शुभांगी सगळे जिने चढून दाराशी पोहोचली की आतून सूचना येते, 'नोंदींतील नावात तफावत आढळली आहे.' 2020-21 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात 45 लाखांहून अधिक विद्यार्थी दूरस्थ शिक्षण घेत होते आणि त्यांत सुमारे 21 लाख स्त्रिया होत्या. हा आकडा वाचून मला धीर आला. पण त्यांतल्या महाराष्ट्रातल्या सासुरवाशिणींनी काय केले असेल या विचाराने पाठोपाठ घामही फुटला.

मदतकक्षाला मी सविस्तर ईमेल लिहिला. उत्तरात, माझ्या तक्रारीचे निराकरण झाले असून मी सेवेला पाचपैकी किती तारे देईन, अशी विचारणा होती. दुसऱ्या ईमेलला उत्तर आले, की नावबदलाचे राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावे. आमचे लग्न वाजतगाजत झाले होते, पण त्याची नोंदणी करावी हे जेवणावळीच्या गडबडीत कोणाला सुचले नव्हते. म्हणून बी.ए.च्या पहिल्या वर्षासाठी मला पंचवीसेक वर्षांच्या संसारानंतर लग्न नोंदवावे लागले. त्यासाठी लग्नपत्रिका लागली, जी आत्याबाईंच्या ट्रंकेत पैठणीखाली सापडली. साक्षीदार लागले, त्यांतल्या एका मामांशी आमचे बोलणे बंद होते, ते त्यानिमित्ताने सुरू करावे लागले. आणि लग्न लावणारे गुरुजी लागले, जे पुण्याला मुलाकडे राहायला गेले होते. अर्जावर सही करताना हे एवढेच म्हणाले, "तू नुसतं वाचत बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

या संपूर्ण प्रवासात विद्यापीठाचा एकही माणूस मला भेटला नाही. भेटला तो एस.टी. स्टँडसमोरच्या गाळ्यात सेवा केंद्र चालवणारा मुलगा. त्या गाळ्यात एक झेरॉक्सचे यंत्र, एक लॅमिनेशनचे यंत्र, पासपोर्ट फोटोसाठी खिळ्यांना अडकवलेला पांढरा पडदा आणि 'उधारी बंद' अशी पाटी आहे. सकाळी तिथे सातबारा निघतो, दुपारी पीकविम्याचे अर्ज भरले जातात आणि त्या दोन्हींच्या मधल्या फटीत बी.ए., बी.कॉम. आणि एम.ए. उरकतात. त्याने माझा फोटो 50 केबीच्या आत बसवला. तसे करताना माझे कुंकू, चष्म्याची काडी आणि वयाची सर्व लक्षणे नाहीशी झाली आणि कोणत्याही गरजू विद्यार्थिनीला लावता येईल असा एक चेहरा शिल्लक राहिला. सहीचे मात्र उलट झाले. ती 10 केबीहून लहान भरली म्हणून मला मोठी सही करायला सांगण्यात आले.

मोबाइल क्रमांकाच्या रकान्यापाशी त्याने मला न विचारता भराभर आकडे टाकले. तो माझा नंबर नाही, असे मी म्हणाले, तेव्हा त्याने मान वर न करता सांगितले, "काकू, ओटीपी दहा मिनिटांत मरतो. तुम्ही टाकीपाशी पोहोचेपर्यंत त्याचा दहावा घालायची वेळ येईल. आपलाच नंबर टाकतो." त्याचा स्वतःचा नंबर आधीच कितीतरी विद्यार्थ्यांच्या नावावर लागलेला होता, आईचाही संपला होता, म्हणून माझ्या वाट्याला त्याचे आजोबा आले. विद्यापीठाच्या दप्तरी मी तेव्हापासून त्या आजोबांच्या मोबाइलवर वास्तव्य करून आहे.

यात हसण्यासारखे पुष्कळ असले तरी, ज्यांच्यासाठी ही स्वस्त विद्यापीठे निघाली त्या गृहिणींना, कामगारांना आणि शेतावरच्या पोरांना त्यांचे दार उघडते ते याच गाळ्याच्या शटरमधून. गाळ्याची वीज गेली की प्रवेश थांबतो. तो मुलगा आजारी पडला की तालुक्यातले उच्च शिक्षण अंथरुणाला खिळते. त्याबद्दल तो घेतो शंभराच्या आतबाहेर, त्यातही झेरॉक्सचे वेगळे लावत नाही. कुलगुरू कोण आहेत हे मला ठाऊक नाही, पण आमच्या तालुक्याचा कुलसचिव कोण आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

अभ्यास हा त्यामानाने किरकोळ भाग होता. मी लोकप्रशासन हा विषय घेतला. त्यात मॅक्स वेबर नावाच्या जर्मन विद्वानाने नोकरशाहीची लक्षणे सांगितलेली आहेत: सगळा कारभार लेखी, प्रत्येकाचा अधिकार ठरलेला, नियम सर्वांना सारखे आणि माणूस पाहून निर्णय नाही. इतर विद्यार्थ्यांना हे घटक पाठ करावे लागत असतील. मला एकेका लक्षणासमोर मदतकक्षाच्या ईमेलचा क्रमांक लिहिता येत होता. बिचारे वेबर 1920 मध्ये वारले, म्हणून त्यांना पाच तारे मागणारी नोकरशाही पाहायला मिळाली नाही. ऑनलाइन विद्यापीठाचे गृहपाठ मात्र हातानेच लिहायचे होते. ते लिहायचे, मग एकेका पानाचा फोटो काढायचा, मग सर्व फोटोंची एक फाइल करायची, मग ती फाइल फार मोठी झाली म्हणून अक्षर दिसेनासे होईपर्यंत दाबायची आणि अक्षर सुवाच्य नसल्यास गुण कापले जातील ही सूचना वाचत ती पाठवायची. थेट तासिकांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. माइक बंद ठेवा, हे वाक्य मला कोणत्याही सिद्धान्तापेक्षा चांगले पाठ आहे.

परीक्षा घरूनच द्यायची होती, कॅमेऱ्याच्या नजरेखाली. भाच्याचा लॅपटॉप मागून आणला, त्याच्या मोबाइलवरून इंटरनेट घेतले आणि दोन्हींसह मी गच्चीला लागून असलेल्या धान्याच्या खोलीत बसले. आधी लॅपटॉप हातात धरून खोलीच्या चारही भिंती दाखवायच्या होत्या. मी त्या दाखवल्या. ज्वारीची पोती, पापडाचे डबे, गणपतीचे मखर आणि कोपऱ्यातला पाटा-वरवंटा हे सर्व विद्यापीठाने शांतपणे पाहून घेतले. त्यानंतर परीक्षार्थीची ओळख पटवण्यासाठी ओटीपी पाठवण्यात आला आणि तो अर्थातच आजोबांकडे गेला. आजोबा उसाला पाणी द्यायला गेले होते. मी सेवा केंद्राला फोन लावला, केंद्राने आजोबांना लावला आणि दोन मोबाइल एकमेकांच्या तोंडाशी धरून त्या मुलाने आमचे बोलणे घडवून आणले. आजोबांचा चष्मा घरी राहिला होता. शेजारच्या रानातल्या गड्याला हाक मारण्यात आली. तो अंक एकेक करून, मोठ्याने आणि मोटारीच्या आवाजावर मात करीत सांगू लागला, आणि "चार का सात?" असे मी विचारले की तिघेही एकदम उत्तर देत. दहा मिनिटे भरता भरता मी एकदाची शुभांगी ठरले.

प्रश्न सोपे होते, पण विचार करताना आढ्याकडे पाहण्याची मला लहानपणापासून सवय आहे. मी आढ्याकडे पाहिले की पडद्यावर लाल पट्टी येई: 'कृपया पडद्याकडे पाहा.' पडद्याकडे पाहिले की मला काही आठवत नसे. असे आमचे चालले असताना सासूबाई ज्वारी काढायला आत आल्या. दुसरी व्यक्ती आढळली आहे, असा इशारा आला. "आई, कॅमेरा चालू आहे," असे मी ओठ न हलवता सांगण्याचा प्रयत्न केला. ओठांच्या हालचालीचाही इशारा आला. सासूबाईंनी कॅमेरा चालू आहे म्हटल्यावर डोक्यावरचा पदर सारखा केला, लॅपटॉपसमोर वाकून नमस्कार केला आणि "पोरगी हुशार आहे हो आमची," असे परीक्षा नियंत्रकांना सांगून, ज्वारी घेऊन त्या खाली गेल्या.

निकाल लागला त्या दिवशी सेवा केंद्रातल्या मुलाने स्वतः फोन करून बोलावून घेतले. पडद्यावर सर्व विषयांसमोर 'उत्तीर्ण' होते, आणि शेरा या रकान्यात 'निकाल राखून ठेवला आहे' असे होते. कारणही दिलेले होते: विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव शेवटी आले आहे आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर ते सुरुवातीला आहे. मी मटकन स्टुलावर बसले. त्याने मात्र तोवर दुसरी खिडकी उघडून आकडे टाकायला सुरुवातही केली होती.

"काकू, निकालाचं बघू निवांत," तो म्हणाला, "दुसऱ्या वर्षाच्या फॉर्मची मुदत उद्या संपतीय, आणि त्याला पहिल्याचा निकाल लागत नाही. फी भरून टाका. आणि जरा थांबा हं, आजोबा आज बाजारला आलेत, चष्मा हाय बरोबर."