तास पुढचे कमी केले, कापली गेली मागची १८ वर्षं

मी अंबडच्या एका कारखान्यात पगारपत्रक करते. १८ वर्षं झाली. नोकरी सोडून जाणाऱ्या प्रत्येकाच्या हिशोबाचा कागद माझ्या टेबलावरून जातो. त्यामुळे स्वतःचे तास कमी करायची वेळ आली तेव्हा, आकडेमोड काय ती आपल्याला कोणी शिकवायची नाही, अशा तोऱ्यात होते.

जानेवारीत सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला. वय ७२. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धवट राहिलं. दोन महिन्यांत तीन आया झाल्या. पहिली दिवसभर मोबाईलवर. दुसरी चांगली होती, ती लग्नाला म्हणून गावी गेली आणि आलीच नाही. तिसरीला सासूबाईंनी डाव्या हाताने ताट फेकून मारलं. (नेम बरोबर बसला हे ऐकून फिजिओवाला खूश झाला.) चौथी १२ तासांचे १८,००० मागत होती.

मग घरात बैठक बसली. तास कोणी कमी करायचे, तर ज्याचा पगार कमी त्याने, असं ठरलं. सगळ्यांना पटलंही. माझा पगार ४२,०००, नवऱ्याचा ३८,०००. हे मी बोलून दाखवल्यावर जरा वेळ कोणी काही बोललं नाही. मग नणंद म्हणाली, "अगं वहिनी, पण आईची अंघोळ, कपडे बदलणं, हे दादा कसं करणार?" झालं. पगाराचा मुद्दा तिथेच संपला.

केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्या कुणाचं ना कुणाचं करताना दिसतात आणि पुरुष २१.४ टक्के. तो आकडा कसा तयार होतो ते मी आमच्या डायनिंग टेबलवर बसून पाहिलं. नवऱ्यावर राग नाही, रात्रीचं सगळं तोच करतो. पण रात्रीचं केल्याने पगार कापला जात नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. त्यांनी आधी सुचवलं, "मॅडम, कन्सल्टंट व्हा. या तेव्हा या, जा तेव्हा जा." ऐकायला किती छान! कन्सल्टंट म्हणजे पीएफ बंद, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या रकमेची) वर्षं थांबली आणि कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम गेला, ज्यात सासूबाई आहेत. ज्या आजारासाठी तास कमी करायचे त्याच आजाराचा विमा आधी घालवायचा. आज ७२ वर्षांच्या पॅरालिसिसच्या पेशंटची नवीन पॉलिसी कुठली कंपनी आनंदाने काढणार? सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं, ते आम्ही काढलंय. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. डायपर, घरी येणारा फिजिओ, वॉटरबेड यांना ते चालत नाही.

मग म्हणाले, आठवड्यातून तीन दिवस पूर्ण वेळ या. तेही नको म्हटलं. वर्षाचे १५६ दिवस भरतात, आणि ग्रॅच्युइटीत सलग सेवेचा वाद निघाला की पहिला प्रश्न येतो, वर्षात २४० दिवस भरले का. उद्या माझ्या जागी बसणारी पोरगी हजेरीपत्रक बघून काय अर्थ लावेल, सांगता येत नाही. रोज यायचं, ९ ते १, असं ठरवलं.

पगार निम्मा म्हणजे २१,०००. इथे मी हात वर केला. २१,००० पर्यंत ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतो, आणि आमच्याकडे ईएसआयवाल्यांना ग्रुप मेडिक्लेम नाही. बाईच्या सासूसासऱ्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने कुटुंबात घेतलंय, पण त्यांच्या उत्पन्नाला मर्यादा आहे आणि सासूबाईंना फॅमिली पेन्शन मिळते. साहेब हसले, "भत्त्यात हजार टाका." २२,००० झाले. त्या एका हजारावर घरचा विमा टिकला. पण मशीनवर काम करणारी एखादी २४,००० वाली असती, तर तिचे निम्मे १२,०००. तिला २१,००० च्या वर न्यायला नऊ हजारांहून जास्त कुठून आले असते?

पीएफमध्ये फार फरक नाही. मूळ पगार आणि डीए मिळून २६,००० होते, ते १३,००० झाले. कंपनी आधीही १५,००० च्या मर्यादेवरच १,८०० कापायची, आता १,५६० कापेल. पेन्शन शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरीवर ठरते, तिथे थोडी झळ बसेल.

एक फायदाही झाला, तोही सांगते. लेक पुढच्या वर्षी इंजिनीअरिंगला जाईल. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाची शंभर टक्के फी माफी २०२४-२५ पासून आहे, पण आईवडिलांचं मिळून उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं. आमचं ९ लाख ६० हजार होतं. जूनपासून माझा पगार कमी झाला की एप्रिल-मेचा पूर्ण पगार धरूनही आर्थिक वर्षाचं ७ लाख ६० हजार भरतं आणि बाकीच्या अटींत आम्ही बसतो. आजी आजारी पडली म्हणून नातीची फी माफ! सरकारने असं काही ठरवलेलं नाही, आपोआप जुळून आलं. नवऱ्याने हे नणंदेला दोनदा फोन करून सांगितलं.

या आनंदात मी आठवडाभर होते. मग एका दुपारी, काम नव्हतं म्हणून, स्वतःच्या ग्रॅच्युइटीचा कागद केला.

सूत्र पाठ आहे. शेवटचा पगार (मूळ आणि डीए) भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. आज राजीनामा दिला तर २६,००० वर १८ वर्षांचे २,७०,०००. अर्धवेळ आणखी ५ वर्षं काम करून मग गेले तर १३,००० वर २३ वर्षांचे १,७२,५००. पुन्हा केलं. तेच आलं. पगारवाढ मिळेल, फरक थोडा भरून निघेल, हे मलाही कळतं. पण ५ वर्षं जास्त काम करून जवळजवळ एक लाख कमी?

सगळा घोळ 'शेवटचा पगार' या दोन शब्दांत आहे. पूर्ण वेळ राबलेल्या १८ वर्षांनाही माझा शेवटचा, अर्धा पगार लागतो. पुढच्या वर्षांचं कमी मिळावं, मान्य आहे, कमी काम केलं. पण २००९ साली मी रात्री आठपर्यंत बसून पगारपत्रक पूर्ण केलं ते वर्षही आता निम्म्या भावाने मोजायचं? आणि कंपनीच्या वहीत याची दुसरी बाजू पडते. माझ्या नावाची २,७०,००० ची तरतूद १,३५,००० वर येते. म्हणजे माझी सासू अंथरुणाला खिळली आणि कंपनीचं देणं १,३५,००० ने उतरलं. ही नोंद करणारीही मीच.

कायदा करणाऱ्यांना हे सुचलंच नाही असं म्हणावं, तर तसंही नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात, कलम ४ च्या पोटकलम ४ मध्ये हेच लिहिलं होतं : कामगाराला अपंगत्व आलं आणि तो नंतर कमी पगारावर काम करू लागला, तर आधीची वर्षं आधीच्या पगाराने मोजा आणि नंतरची नंतरच्या. त्या कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. म्हणजे झटका मला आला असता तर माझी १८ वर्षं शाबूत राहिली असती. तो सासूबाईंना आला, म्हणून नाही. हिशोबाची रीत ५० वर्षांपासून कायद्यात पडून आहे, घरच्यांचं करणाऱ्याला ती लागू करायला एक ओळ पुरे. आजारी आईबापांसाठी वेगळी रजा द्या, भत्ता द्या, हे मोठमोठं मागणं राहू द्या बाजूला. मी नवीन काही मागत नाही. कमावलेलं आहे ते मागे जाऊन कापू नका, एवढंच.

कायदा बदलेपर्यंत थांबायला मला वेळ नाही. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की कंपनीशी करार करून कायद्यापेक्षा चांगल्या अटी घेता येतात. म्हणून तास कमी करण्याच्या पत्रात मी स्वतःच एक वाक्य घातलं : "३१ मेपर्यंतच्या सेवेची ग्रॅच्युइटी त्या दिवशीच्या पगारावर आणि नंतरच्या सेवेची प्रत्यक्ष पगारावर मोजली जाईल." तुमच्यापैकी कोणी तास कमी करायला निघालं असेल तर सही करण्याआधी हे वाक्य घाला. नंतर कोणी घालू देत नाही. किती जणींची अशी पत्रं मीच टाईप केलीत, तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यातल्या दोघी अजून कामावर आहेत. त्यांना काल बोलावून सांगितलं. एक काहीच बोलली नाही. दुसरी म्हणाली, "मॅडम, तेव्हा तुम्हीच पत्र दिलं होतं ना?"

साहेबांनी माझं पत्र सही न करता परत पाठवलंय. त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ आणि पुढे प्रश्नचिन्ह. मंगळवारी बोलावलंय. जाताना हिशोबाचे दोन कागद छापून नेणार आहे, दोन्ही माझ्याच नावाचे.